परक्याच्या कृतीची राखण

अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथे, प्रवरेच्या काठी, शके १२१२ मध्ये म्हणजे इसवी सन १२९० साली ज्ञानेश्वरांनी भावार्थदीपिका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली, हे मराठी वाचकाला नव्याने सांगावे लागत नाही. परंतु त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, पैठणच्या एकनाथांनी त्याच ग्रंथाच्या निरनिराळ्या प्रती ताडून, नकलकारांच्या हातून शिरलेले अपपाठ दूर करून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी या ग्रंथात आपली ओवी घालू नये असे निक्षून सांगून ठेवले, या दुसऱ्या कार्याचे स्मरण आपण पहिल्याच्या मानाने फारच क्वचित करतो. रचणाऱ्याची प्रतिभा आणि राखणाऱ्याची निष्ठा या दोन स्वतंत्र शक्ती आहेत, आणि ज्या समाजात दुसरी क्षीण होते तेथे पहिलीची फळेही फार काळ टिकत नाहीत. संगणकाच्या क्षेत्रात या दुसऱ्या शक्तीचे एक विस्तीर्ण, शिस्तबद्ध आणि बहुतांशी निर्वेतन असे कार्य गेली तीस वर्षे चालू आहे. लिनक्सच्या वितरणांसाठी सॉफ्टवेअरची पॅकेजे बांधणे आणि ती वर्षानुवर्षे सांभाळणे, हे ते कार्य होय. एकनाथांनी जे एका ग्रंथासाठी केले तेच ही मंडळी हजारो परक्या कृतींसाठी करीत असतात.

लिनक्स हे नाव आपण सर्रास संपूर्ण संगणकप्रणालीला देत असलो तरी लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ साली जे जगापुढे ठेवले ते केवळ गाभ्याचे, म्हणजे कर्नेलचे काम होते; त्याच्या भोवती पडद्यावर अक्षरे उमटवणारे, छपाईयंत्राशी बोलणारे, पत्र लिहू देणारे, हिशेब मांडणारे असे सहस्रावधी कार्यक्रम जमवल्याशिवाय सामान्य मनुष्याला त्या गाभ्याचा काडीइतकाही उपयोग नाही. हे कार्यक्रम जगाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांत, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी, आपापल्या सोयीने आणि आपापल्या रीतीने लिहिलेले असतात. त्यांची निवड करून, त्यांची परस्परांशी सांगड घालून, एकाच पद्धतीने ते बसवता, बदलता आणि काढता यावेत अशी व्यवस्था जी संस्था लावते तिच्या कृतीला डिस्ट्रिब्युशन, आणि बोलताना थोडक्यात डिस्ट्रो, असे म्हणतात. इयन मर्डॉक यांनी १६ ऑगस्ट १९९३ रोजी जाहीर केलेले डेबियन हे अशा जुन्या वितरणांपैकी एक. उबुंटू त्याच्याच पायावर उभे आहे, आणि भारत सरकारच्या सी-डॅक संस्थेने सिद्ध केलेली बॉस ही प्रणालीही डेबियनवरच आधारलेली आहे. दुसरे मोठे घराणे रेड हॅटचे. त्यातूनच २००३ साली फेडोरा निघाले. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती प्रसिद्ध झाली तेव्हा तिच्यातील पॅकेजांची संख्या ६९,८०० च्या वर गेली होती, आणि यांतील प्रत्येकावर कोणा ना कोणा व्यक्तीचे किंवा गटाचे नाव जबाबदार म्हणून नोंदलेले असते. या जबाबदार माणसाला मेंटेनर म्हणतात. माझ्या मते या सगळ्या कारभाराची सनद त्या एका नावात आहे.

पॅकेज म्हणजे नेमके काय, हे येथे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे. मूळ लेखकाने लिहिलेला सोर्स कोड मेंटेनर जसाच्या तसा घेतो आणि त्याला शक्य तोवर हात लावीत नाही. त्याच्या शेजारी तो आपले एक छोटेसे दप्तर ठेवतो. डेबियनमध्ये हे दप्तर म्हणजे ‘डेबियन’ याच नावाची एक डिरेक्टरी असते. तिच्यातील ‘कंट्रोल’ नावाच्या फायलीत पॅकेजचे नाव, त्याचे वर्णन आणि ते कोणकोणत्या अन्य पॅकेजांवर अवलंबून आहे याचा तपशील असतो; ‘रूल्स’मध्ये ते कसे बांधावे याचे नियम असतात; ‘चेंजलॉग’ ही रोजकीर्द असून तिच्यात प्रत्येक फेरफार, त्याचे कारण आणि करणाऱ्याचे नाव तारीखवार येते; आणि ‘कॉपीराइट’मध्ये कोणती फाईल कोणाच्या मालकीची व कोणत्या परवान्याखाली दिलेली आहे याचा दाखला असतो. मूळ कृतीत काही बदल अटळच झाला तर तो मूळ फायलीत बेमालूम मिसळून न टाकता ‘पॅच’ म्हणून वेगळा लिहून ठेवायचा असा शिरस्ता आहे, म्हणजे मूळ पाठ कोणता आणि राखणाऱ्याने त्यात काय फिरवले हे कोणाही तिऱ्हाइताला केव्हाही पाहता येते. फेडोराच्या घराण्यात हाच सारा तपशील ‘स्पेक’ नावाच्या एकाच फायलीत येतो. रचना भिन्न असली तरी शिस्त एकच आहे.

हे सर्व अमूर्त वाटू नये म्हणून आपल्या अगदी निकटचे एक उदाहरण घेतो. संगणकावर मराठी वाचणाऱ्या माणसाला ल आणि श या अक्षरांची जी वळणे लहानपणापासून परिचित असतात ती हिंदीतील प्रचलित वळणांहून निराळी आहेत. शिवाय ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’ अशा शब्दांतील आडवा रफार हा तर मराठीचा खास विशेष, आणि तो ज्या अक्षरसंचात नीट सांधलेला नसेल त्यात ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतला भेदच नाहीसा होतो. डोंगरातल्या दऱ्या आणि सागराचा दर्या एकाच रूपात छापले जाऊ लागले तर भाषेची हानी कोणी मोजावी? या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत लिनक्सवर देवनागरी दिसे, परंतु ती कशी दिसेल याची शाश्वती नसे. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने तयार केलेले भारतीय लिप्यांचे अक्षरसंच ‘लोहित’ या नावाने रेड हॅटने २००४ साली मुक्त परवान्याखाली सर्वांसाठी खुले केले, आणि तेथून ही स्थिती पालटली. २०११ मध्ये त्यांचा परवाना बदलून तो अक्षरसंचांसाठी खास रचलेला ओपन फॉन्ट लायसन्स करण्यात आला. अक्षरसंच एखाद्या दस्तऐवजात अंतर्भूत करून पाठवला तर त्या दस्तऐवजालाही तोच परवाना लागू होतो की काय, अशी जी शंका पूर्वीच्या परवान्यामुळे उपस्थित होई तिचे या बदलाने निराकरण झाले. पुढे रेड हॅटच्या पुण्यातील कचेरीत काम करणारे प्रवीण सातपुते आणि त्यांचे सहकारी यांनी या संचांची अंतर्गत रचना, म्हणजे कोणत्या अक्षरापुढे कोणते अक्षर आले असता कोणते जोडाक्षर उमटावे हे ठरवणारे नियम, पुन्हा नव्याने आणि अधिक सुटसुटीतपणे लिहून काढले.

आता या प्रकरणात अक्षरे रेखणाऱ्याचे काम जेथे संपते तेथे पॅकेज बांधणाऱ्याचे सुरू होते, ही गोष्ट ध्यानात घ्यावी. अक्षरसंच प्रणालीतील नेमक्या कोणत्या जागी ठेवावा, मराठी भाषा निवडलेल्या माणसासाठी अनेक देवनागरी संचांपैकी कोणाला अग्रमान द्यावा, नवी आवृत्ती आली असता जुनी हटवताना त्याच्या जुन्या पत्रांचे रूप बिघडणार नाही ना, परवान्याची प्रत सोबत गेली की नाही, या प्रश्नांचे उत्तर चित्रकाराने नव्हे, मेंटेनरने द्यायचे असते. शुद्धलेखन तपासणीसाठी लागणारा मराठी शब्दसंग्रह, कळफलकाची मांडणी, तारखा आणि महिन्यांची मराठी नावे या साऱ्यांची पॅकेजे अशीच कोणीतरी सांभाळीत असतो. कोपरगावच्या एखाद्या शाळेतील शिक्षक संगणकावर लिनक्स बसवून भाषा मराठी निवडतो आणि पुढच्या क्षणी पडद्यावर सुरेख, सुवाच्य मराठी अवतरते, तेव्हा त्या क्षणामागे असे कित्येक लोकांचे अनेक वर्षांचे लक्ष उभे असते. ते त्याच्या ध्यानात येत नाही, आणि ते ध्यानात न येणे हीच कामगिरी चोख झाल्याची खूण आहे.

ही विद्या शिकावी कशी? तिच्यासाठी पदवीची अट नाही आणि प्रवेशपरीक्षाही नाही. मात्र उमेदवारी आहे, आणि ती चांगली कसून घेतली जाते. नवशिक्याची पहिली ओढ साहजिकच एखादे नवे पॅकेज आपल्या नावाने दाखल करावे अशी असते. तसे करायचे झाल्यास डेबियनमध्ये प्रथम आपला इरादा जाहीरपणे नोंदवावा लागतो, म्हणजे एकाच कामात दोघे गुंतत नाहीत. मग पॅकेज बांधून ते आपल्या रोजच्या संगणकावर नव्हे, तर मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या परिसरात पुन्हा बांधून पाहावे लागते, कारण आपल्या यंत्रावर पूर्वीच बसवलेली एखादी लायब्ररी नकळत वापरली जाऊन ‘माझ्याकडे तर चालते’ असा भ्रम होण्याचा संभव फार मोठा असतो. लिंटियन नावाचा एक कार्यक्रम त्या पॅकेजातील दोषांची यादीच समोर ठेवतो. त्यानंतर एखाद्या अनुभवी डेव्हलपरने ते वाचून, चुका दाखवून, पुन्हा दुरुस्त करवून, शेवटी आपल्या सहीने पुढे पाठवायचे असते. या आश्रयदात्याला स्पॉन्सर म्हणतात. आणि इतके होऊनही अगदी नवे पॅकेज भांडारात दाखल होण्यापूर्वी मोजक्या स्वयंसेवकांचे एक मंडळ त्यातील परवान्यांची कसोशीने छाननी करते. ‘फुकट मिळते’ आणि ‘वाटण्याची मुभा आहे’ या दोन गोष्टी कायद्याच्या दृष्टीने सर्वस्वी भिन्न आहेत, हा धडा भारतीय विद्यार्थ्याला बहुधा येथेच प्रथम मिळतो. आपल्याकडे जालावर सापडलेला अक्षरसंच कोणाचा, कोणत्या अटीवर दिलेला, याची चौकशी करण्याची वहिवाटच नाही, आणि या एका सवयीसाठी तरी ही उमेदवारी करावी असे मला मनापासून वाटते.

सहीचा उल्लेख वर आला. ती शाईची नसून गणिती असते. प्रत्येक डेव्हलपरजवळ एक गुप्त किल्ली असते, आणि ती किल्ली त्याचीच आहे अशी तसदीक दुसऱ्या डेव्हलपरने, शक्यतो समक्ष भेटून, ओळखपत्र पाहून करायची अशी डेबियनची जुनी चाल आहे. जगभर विखुरलेल्या, एरवी अक्षरांतूनच भेटणाऱ्या लोकांनी विश्वासाचा पाया प्रत्यक्ष भेटीवर घातला ही मला मोठी अर्थपूर्ण गोष्ट वाटते. पुण्यात २०११ साली अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि पुन्हा २०१५ साली फेडोराची संमेलने भरली, २०२३ च्या सप्टेंबरात डेबियनचे वार्षिक जागतिक संमेलन कोचीला झाले, त्यांचे महत्त्व भाषणांपेक्षा या भेटींत अधिक आहे.

केरळचे प्रवीण अरिंब्रतोडियिल या डेबियन डेव्हलपरांनी भारतातील महाविद्यालयांतून पॅकेजबांधणीच्या ज्या कार्यशाळा घेतल्या त्यांतील युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे. डायस्पोरा किंवा गिटलॅब यांसारखा एखादा मोठा कार्यक्रम रुबी भाषेतील शेकडो लहान लहान लायब्रऱ्यांवर अवलंबून असतो, आणि डेबियनच्या नियमानुसार तो मोठा कार्यक्रम भांडारात यायचा तर त्याच्या आधी या साऱ्या लायब्रऱ्या एकेक करून यायला हव्यात. ही अडचणच त्यांनी अध्यापनाचे साधन केली. प्रत्येक विद्यार्थ्याला एक लहानशी लायब्ररी द्यावी, तिचे पॅकेज त्याने अथपासून इतिपर्यंत बांधावे, आणि त्याच्या पहिल्या अभ्यासाचे फळ एकदम जगाच्या उपयोगी पडावे! प्रात्यक्षिकाच्या वहीत लिहून वर्षअखेरीस रद्दीत जाणाऱ्या प्रयोगांपेक्षा या शिक्षणाची जात निराळी आहे.

तरीही मी म्हणेन की पॅकेज बांधणे हा या विद्येचा पूर्वार्ध आहे, आणि तो सोपा आहे. खरी विद्या उत्तरार्धात, म्हणजे सांभाळण्यात आहे. डेबियनमध्ये नवी आवृत्ती प्रथम ‘अनस्टेबल’ या भागात येते, तेथे काही दिवस गंभीर तक्रार न आली तर ती ‘टेस्टिंग’मध्ये सरकते, आणि साधारण दोन वर्षांनी तो सगळा संच गोठवून, पारखून ‘स्टेबल’ म्हणून प्रसिद्ध होतो. एकदा स्टेबल झालेल्या संचात नवी आवृत्ती घालायची नाही, फक्त दोष दुरुस्त करायचे, असा दंडक आहे. त्यामुळे मूळ लेखक तीन आवृत्त्या पुढे निघून गेला असताना त्याने आपल्या नव्या कोडमध्ये केलेली सुरक्षेची दुरुस्ती समजून घेऊन ती नेमकी तेवढीच जुन्या कोडमध्ये बसवण्याचे नाजूक काम मेंटेनरला करावे लागते. इस्पितळाचा किंवा सहकारी पतपेढीचा संगणक आज सायंकाळी जसा चालत होता तसाच उद्या सकाळी चालावा, आणि तरीही रात्रीतून त्यातील छिद्र बुजलेले असावे, या दुहेरी मागणीची पूर्तता या श्रमातून होते. त्यात कीर्ती नाही. पाच-पाच वर्षे जुन्या कोडकडे ममतेने पाहण्याची तयारी मात्र लागते.

आणि या कामात चूक केवढी महाग पडते याचा दाखला डेबियनच्याच इतिहासात आहे. २००६ साली ओपनएसएसएल या गुप्तलेखनाच्या लायब्ररीत, एका तपासणी साधनाने दाखवलेला इशारा नाहीसा करावा या सद्हेतूने, डेबियनच्या पॅकेजातून दोन ओळी काढून टाकण्यात आल्या. परंतु यादृच्छिक अंक निर्माण करण्यासाठी लागणारी जवळजवळ सगळी सामग्री त्यांतील एका ओळीवाटे आत येत असल्याने त्यानंतर तयार झालेल्या किल्ल्यांमध्ये बदलता अंश म्हणून फक्त प्रोसेसचा क्रमांक उरला, आणि असे क्रमांक जेमतेम ३२,७६८ असतात. मे २००८ मध्ये हा दोष उघडकीस आला तोपर्यंत डेबियन व उबुंटूवर तयार झालेल्या असंख्य किल्ल्या जगभर वापरात गेल्या होत्या, आणि त्या सर्व टाकून नव्या घडवाव्या लागल्या. मूळ लेखकाच्या कृतीत पदरची भर घालताना किंवा तिच्यातून काही वगळताना त्याला विचारावे, आणि आपला बदल त्याच्याकडे परत पाठवून त्याने तो स्वीकारावा असा यत्न करावा, हा नियम पूर्वीही होता. या प्रसंगानंतर त्याची धार सर्वांना जाणवली.

दुसरा प्रसंग उलट बाजूचा, आणि अगदी अलीकडचा. एक्सझेड ही फायली दाबून लहान करणारी लायब्ररी जवळजवळ प्रत्येक लिनक्सवर असते आणि ती अनेक वर्षे एकच थकलेला माणूस फावल्या वेळात सांभाळीत होता. टोपणनावाने वावरणाऱ्या कोणीतरी सुमारे दोन वर्षे खरोखरीचे उपयुक्त काम करून त्याचा विश्वास संपादिला, सहमेंटेनरचे अधिकार मिळवले, आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमधील दोन आवृत्त्यांत चोरदार बसवले. त्यातील कावा असा की ते चालू करणारा तुकडा सर्वांना दिसणाऱ्या कोडभांडारात नव्हताच, तो फक्त प्रकाशनाच्या गठ्ठ्यात होता. आणि तो जागा होई तोही डेबियनचे किंवा रेड हॅट-फेडोरा घराण्यातील आरपीएम पद्धतीचे पॅकेज बांधले जात असतानाच. म्हणजे आक्रमकाने नेम धरला होता तो पॅकेज बांधणाऱ्यांवर. दूरच्या संगणकात प्रवेश देणाऱ्या एसएसएच सेवेचा या लायब्ररीशी मुळात संबंध नाही; काही वितरणांनी सोयीसाठी लावलेल्या आपल्या पॅचमुळे तो जुळला होता. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने, डेबियनच्या अनस्टेबलवर दुसरेच काही मोजत असताना प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद अधिक का लागतो या प्रश्नाचा पिच्छा पुरवून, हा डाव जगापुढे मांडला. दूषित आवृत्त्या अनस्टेबल, टेस्टिंग आणि फेडोराच्या प्रायोगिक शाखांपर्यंत पोचल्या होत्या, डेबियनच्या स्टेबलमध्ये गेल्या नव्हत्या; सावकाश चालण्याच्या ज्या रीतीला उतावळे लोक नावे ठेवतात तिने त्या दिवशी जगाचे मोठे अरिष्ट टाळले. एकच सोर्स दोन निरनिराळ्या ठिकाणी बांधला तर निघणारे पॅकेज बिटन्‌बिट सारखे असावे, म्हणजे मध्ये कोणी हात घातला तर तो लपू नये, असा जो प्रयत्न डेबियनमध्ये २०१३ पासून चालू आहे त्याची निकडही या प्रकरणाने अधोरेखित केली.

मला या दुसऱ्या प्रसंगात चोराच्या धूर्तपणापेक्षा त्या एकट्या राखणदाराचा थकवा अधिक बोचतो. जगातील एवढ्या यंत्रांचा भार ज्याच्या खांद्यावर होता त्याला हातभार लावायला एकही खरा सोबती पुढे आला नाही, आणि म्हणून खोट्या सोबत्याला दार मोकळे झाले. मनुष्यबळाची ही उणीव आपल्याकडून भरून निघण्यासारखी आहे. अहिल्यानगर जिल्ह्यात लोणी, संगमनेर आणि कोपरगाव या तीन ठिकाणी १९८३ पासून अभियांत्रिकी महाविद्यालये चालू आहेत, त्यांच्यामागे सहकाराची परंपरा आहे, आणि तेथे शिकणारी मुले बहुतांशी शेतकऱ्यांच्या घरची आहेत. अनेकांनी मिळून एक सामायिक मालमत्ता निगुतीने सांभाळायची ही कल्पना त्यांना कोणी शिकवावी लागणार नाही. या कामाला महागडे यंत्र लागत नाही, पुण्यामुंबईला बिऱ्हाड करावे लागत नाही, आणि ज्याच्या हातून हे काम झाले त्याचे नाव व तारीख चेंजलॉगमध्ये कायमची राहत असल्याने नोकरी देणाऱ्यालाही त्याची लायकी प्रमाणपत्राशिवाय पाहता येते.

ज्या विद्यार्थ्याला हे वाचून इच्छा होईल त्याने नव्या पॅकेजाच्या मागे न लागता डेबियनने प्रसिद्ध केलेली अनाथ पॅकेजांची यादी उघडावी; मूळ मेंटेनरने सोडलेली, परंतु लोकांच्या वापरात असलेली पॅकेजे तीत नोंदलेली असतात. त्यातून आपण स्वतः वापरतो असे एक निवडावे, त्याच्यावरच्या जुन्या तक्रारी वाचाव्यात, त्यांतील एक आपल्या संगणकावर घडवून पाहावी, आणि ती दुरुस्त करणारा पॅच कारणासह पाठवावा. तेवढेही जड वाटले तर मराठी अक्षरसंचात किंवा शब्दसंग्रहात जो दोष डोळ्याला खुपला असेल तो नीट वर्णन करून संबंधित पॅकेजाच्या नावावर नोंदवावा. मराठीचा दोष मराठी माणसाने कळवल्याखेरीज दुसऱ्या कोणाला तो दिसणारही नाही. प्राध्यापकांना विनंती एवढीच की अंतिम वर्षाच्या प्रकल्पांच्या यादीत अशा एका पॅकेजाची वर्षभराची देखभाल हा विषय त्यांनी येत्या सत्रापासून मान्य करावा.